दहा फुटी नको, पाच फुटी घ्या

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेलं छपाईच्या मशीनचं कोटेशन नीट वाचलं. दहा फुटी सॉल्व्हंट मशीन, शाई फवारणारी कोनिकाची चार हेडं, वर दोन रोल फ्लेक्स फुकट. माझं मत आधीच सांगते: हे घेऊ नका. आपल्या पाट्यांच्या दुकानाला पाच फुटी इको-सॉल्व्हंट (म्हणजे कमी वासाच्या, सौम्य सॉल्व्हंट शाईचं) मशीन पुरेल.

आई, तू फोनवर कामांची वही वाचून दाखवलीस त्यावरूनच हे ठरतं. तीन महिन्यांत दहातली सात कामं दुकानांच्या पाट्या, सनबोर्ड (फोमचे हलके बोर्ड), गाड्यांचे स्टिकर आणि दवाखान्यांतल्या सूचनांची आहेत. मोठे फ्लेक्स गणपतीत, वाढदिवसांना आणि निवडणुकीत. तेवढे कोल्हापुरातून जॉबवर्कवर करून आणलेले परवडतात. सनबोर्ड काय, एसीपी (अॅल्युमिनियमचा पत्रा लावलेला बोर्ड) काय, शीट येते ८ बाय ४ फुटांची. त्यावर चिकटवायला ५० इंची व्हिनाइलचा रोल लागतो आणि तो पाच फुटी मशीनवर आरामात बसतो. दहा फुटीवर तोच रोल लावला तर निम्म्याहून जास्त मशीन रिकामं धावतं. शिवाय सॉल्व्हंट शाईचा वास, आणि वर आपलं घर. इको-सॉल्व्हंटलाही एक्झॉस्ट पंखा लागतोच, पण मशीन चालू असतानाही घरात बसून जेवता येतं.

आता हेड. स्वस्तातल्या मशीनला एप्सनचं एक्सपी६०० असतं. मुळात ते पाण्याच्या शाईचं हेड. इको-सॉल्व्हंटवर चालतं, पण लवकर थकतं. त्याची जमेची बाजू एवढीच की बदलायला स्वस्त पडतं. मी एप्सनचंच आय३२०० घ्या म्हणेन, एकच हेड पुरे. मात्र हेडवरचं लेबल स्वतः वाचा: ई१ हवं. ए१ हे पाण्याच्या शाईचं, आणि तेही काही विक्रेते इको-सॉल्व्हंट मशीनला बिनधास्त बसवतात. कोटेशनवर 'आय३२००-ई१' असं पूर्ण लिहून घ्या. वॉरंटीत हेड धरलंय का, हेही त्याच कागदावर हवं. बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

कॅटलॉगमधल्या वेगावर जाऊ नका, तो ड्राफ्टचा, म्हणजे घाईच्या कच्च्या छपाईचा असतो. जवळून वाचायच्या पाटीला सहा किंवा आठ पास (एकाच जागेवरून हेडच्या फेऱ्या) लागतात, आणि पास दुप्पट केले की वेग निम्मा. आठ पासला तासाला १० चौरस मीटर निघाले तरी ते जवळपास १०८ चौरस फूट झाले. वहीतल्या कामाला रोज दोन तास मशीन चाललं तरी भागतं. शाई चौरस फुटाला साधारण एक मिली धरा. म्हणजे लिटरचा भाव भागिले हजार, हा एका चौरस फुटाचा शाईखर्च. हप्ता काढताना व्हिनाइल, लॅमिनेशन, वीज आणि हेडसाठी दरमहा बाजूला टाकायची रक्कमही धरा. हेड हा कधीतरी येणारा खर्च नव्हे, ते झिजतच असतं.

डेमोला जाल तेव्हा त्यांचा सूर्यास्ताचा फोटो पाहत बसू नका, तो कुठल्याही मशीनवर झकास येतो. आपली फाइल न्या. त्यात सपाट राखाडी आणि सपाट गडद निळा पट्टा टाका, आडव्या रेघा उमटतात का ते त्यातच कळतं. काळ्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत 'क्ष, ज्ञ, श्री, र्‍या' लिहा. उभ्या बारीक रेघा टाका, दुहेरी दिसल्या तर हेडच्या जाताना-येतानाची जुळणी बिघडलेली आहे. दहा फूट लांब पट्टी छापून टेपने मोजा. दोन तुकडे जोडून बोर्ड करायचा तर पाव इंचाचा फरकही डोळ्यांत येतो. आणि सकाळी दुकान उघडायच्या वेळी जा. रात्रभर बंद असलेल्या मशीनचा पहिला नोझल चेक (हेडची सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारी चाचणी प्रिंट) समोर काढायला सांगा. किती रेघा तुटल्या आहेत त्यावरून कॅपिंग, म्हणजे बंद मशीनमध्ये हेडवर बसणारं झाकण, कसं आहे ते समजतं. दुपारी चार वेळा क्लीनिंग मारून दाखवलेल्या चेकला काही अर्थ नाही.

प्रिंट आणि कटिंग एकाच यंत्रात असलेलं मशीनही सुचवतील. नको. एक बिघडलं की दोन्ही कामं ठप्प. आपल्या प्लॉटरला (व्हिनाइल कापायच्या यंत्राला) छापलेल्या खुणा वाचणारा सेन्सर आहे का, एवढं बघा. असेल तर छापलेला स्टिकर त्याच्यावर आकारात कापता येतो. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे देवनागरी कटिंग वाढतच जाणार. कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) अक्षरं कर्व्ह केल्यावर, म्हणजे त्यांच्या आकृत्या केल्यावर, वेल्ड करायला, म्हणजे त्या जोडून एक करायला, विसरू नका. नाहीतर शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे प्रत्येक अक्षरापाशी सुरी फिरते, आणि सोलताना अख्खी रेघ तुकड्या-तुकड्यांनी उचलून येते. अनुस्वाराचा टिंब तर पहिला जातो.

लॅमिनेटर याच बजेटमध्ये बसवा, पुढच्या वर्षावर ढकलू नका. पेट्रोलच्या टाकीवर लावलेल्या स्टिकरवर दोन थेंब सांडले तरी नुसती प्रिंट विरघळते. पण छापल्या छापल्या लॅमिनेट करू नका. शाईतला सॉल्व्हंट उडून जायला २४ तास द्या, पावसाळ्यात ४८. प्रिंट घट्ट गुंडाळून ठेवू नका, सैल ठेवा किंवा टांगा. घाई केली तर आत अडकलेला सॉल्व्हंट गोंद मऊ करतो आणि आठवड्याभरात कडा उचलतात. गिऱ्हाईक मग व्हिनाइलला दोष देतं.

चिपळूणची हवा हा वेगळा विषय. व्हिनाइलच्या मागचा कागद दमट हवेत पाणी धरतो, कडा लाटांसारख्या उठतात आणि हेड त्यांना घासतं. हेड बहुधा असंच मरतं, शाईने कमी. म्हणून मशीनची खोली बंद, एसी लावलेली, भिंतीवर आर्द्रता दाखवणारं मीटर. काटा ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. रोल आदल्या दिवशी त्या खोलीत आणून ठेवा आणि काम झालं की परत प्लास्टिकमध्ये घाला.

विजेचंही तसंच. प्रिंट चालू असताना लाइट गेली की हेड कॅपवर न जाता मध्येच उघडं राहतं आणि शाई वाळते. त्यासाठी ऑनलाइन यूपीएस, हेड जागेवर नेण्याइतका वेळ देणारा. मशीनचे हीटर त्यावर टाकू नका, त्यांची लाइन वेगळी काढा. अर्थिंगचा खड्डा मशीनसाठी स्वतंत्र घ्या आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन व्होल्टपेक्षा जास्त येत नाहीत हे वायरमनकडून मीटर लावून बघा.

पावसात परशुराम घाट बंद झाला की मुंबईहून इंजिनिअर येणार कसा? हा प्रश्न विक्रेत्याला विचाराच. चार डँपर (हेडला शाई पुरवणाऱ्या छोट्या डब्या), एक कॅप, दोन वायपर, एक पंप आणि लिटरभर क्लीनिंग सोल्यूशन घरात ठेवा. कॅप आणि डँपर बदलायला त्याच्याकडून मशीन बसवतानाच शिकून घ्या, बाबा, तुमचा हात ब्रशवर बसलेला आहे, हे त्याहून सोपं आहे. शाई एकाच कंपनीची वापरा. दोन शाया टाकीत मिसळल्या की कधी कधी गुठळी धरते, आणि मग लाइन, डँपर, हेड सगळं धुवावं लागतं.

राहिली जागा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात कुठवर चढलं होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मशीन खाली बसवायचं नाही. शाई आणि रोलही नाहीत. पहिल्या मजल्यावरची मागची खोली मोकळी करा. मशीनची पेटी साधारण नऊ फूट लांब येते, त्यामुळे अडचण खोलीची नाही, जिन्याच्या वळणाची आहे. वळण लहान निघालं तर पुढच्या गॅलरीचं रेलिंग काढून वरून घ्यावं लागेल. जिन्याची रुंदी, वळणाची लांबी आणि गॅलरीचं दार, तिन्ही मापं टेप लावून घ्या आणि रविवारी फोनवर सांगा. तोवर टोकन देऊ नका.

तुमची,
मनू