बॅटरी न विकल्याबद्दल आभार

काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात नवी बॅटरी फळीवर होती, माझ्या खिशात पैसे होते आणि ‘बॅटरी बदलून द्या’ असं मीच म्हणालो होतो. तुम्ही ती विकली असतीत तर मला काहीही कळलं नसतं. पण तुम्ही म्हणालात, “डॉक्टर, बॅटरी घेव नकात. आधी मोजूया.” त्याचे आभार तेव्हा नीट मानायचे राहिले, कारण मला पुढच्या वाडीवर गाय बघायला पळायचं होतं. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही जे केलंत ते कुडाळ-मालवण रस्त्यावरून रोज जाणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आम्हा जनावरांच्या डॉक्टरांची गाडी हा आमचा दवाखानाच असतो. गाय अडली, रेडकू आडवं आलं की फोन रात्री-अपरात्री येतो आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. माझ्या मोटरसायकलला किक नाही. पूर्वी बॅटरी बसली तरी किक मारून निघता यायचं. आता कार्बोरेटर नसलेल्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपही बॅटरीवरच चालतो, त्यामुळे बॅटरी पार उतरली तर धक्का मारूनही इंजिन उठेलच असं नाही. बरेच दिवस मी जाईन तिथे उतार शोधून गाडी लावत होतो. सेल्फ मारला की कधी गाडी लगेच उठायची, कधी नुसतं ‘टक्’ व्हायचं, कधी मोटर कण्हल्यासारखी अर्धी फिरून थांबायची. याच दुखण्यासाठी आधी एका ठिकाणी बॅटरी बदलून झाली होती. काही आठवडे बरे गेले आणि परत तेच सुरू झालं.

तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात तो असा: सेल्फ दाबल्यावर हेडलाइटचं काय होतं? असं कुणी विचारलंच नव्हतं. ज्या गाडीचा दिवा चावी फिरवताच लागतो, तिला हे तपासायला काहीच लागत नाही, नुसतं समोरच्या भिंतीकडे बघायचं. सेल्फ दाबला आणि दिवा पार मंदावला तर बॅटरी तरी थकलेली, नाहीतर मोटर जाम. दिवा तसाच राहिला आणि आवाजच आला नाही तर किल स्विच, क्लचचा स्विच, साइड स्टँडचा स्विच आणि रिलेकडे (बॅटरीचा करंट मोटरला सोडणारा स्विच) जाणारी बारीक वायर बघायची. आणि दिवा बऱ्यापैकी टिकून आहे, रिलेही टक् करतोय, पण मोटर फिरत नाही, असं असेल तर करंट वाटेतच कुठेतरी अडतोय. माझी गाडी या तिसऱ्यातली निघाली.

मग तुम्ही व्होल्टेज-करंट मोजायच्या मीटरची दोन टोकं माझ्या हातात दिलीत. “तुम्ही धरा, मी दाबतंय.” गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी एवढंच दाखवते. १२ च्या आसपास आली तर ती जवळजवळ उतरलेली समजायची आणि १०.५ दाखवली तर सहापैकी एक सेल मेलेला असण्याची शक्यता मोठी, कारण एकेका सेलचे साधारण २.१ व्होल्ट. सेल्फ दाबल्यावर आकडा ११.४ वर आला. तुम्ही मान डोलावलीत. सेल्फच्या भाराखाली बॅटरी साडेनऊ-दहाच्या खाली गेली तरच तिच्यावर संशय घ्यायचा. म्हणजे जिला मी दोष देत होतो ती बॅटरी अगदी ठणठणीत होती.

यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूवर धरायला सांगितलंत, आणि सेल्फ दाबलात. जाड केबलने जोडलेल्या या दोन जागांमध्ये व्होल्टेज जवळजवळ दिसताच कामा नये, फार तर ०.२. मीटरवर सहाच्या वर आकडा आला. बॅटरीच्या साडेअकरापैकी निम्म्याहून जास्त व्होल्ट मायनसकडून इंजिनला जाणाऱ्या त्या एका अर्थच्या केबलमध्येच जिरत होते आणि मोटरला उरलेल्या पाचेक व्होल्टवर इंजिन फिरवायचं होतं. ती कण्हत होती ते उगीच नव्हतं.

केबल वरून अगदी नवी दिसत होती. तार सलग आहे का ते सांगणाऱ्या ‘बीप’वर मीटर लावून तपासली तर बीपही वाजला. मी म्हणालो, केबल तर बरोबर आहे. त्यावर तुम्ही दिलेलं उत्तर मी तेव्हापासून अनेकांना सांगितलं आहे: बीप वाजायला तांब्याची एक तार शाबूत असली तरी पुरते, कारण मीटर तिच्यातून नखभर करंट सोडतो, सेल्फच्या मोटरला सुरुवातीच्या झटक्यात कित्येक दहा अँपिअर लागतात आणि ते एका तारेतून जात नाहीत. म्हणून केबल तपासायची ती भाराखालीच. तुम्ही लगपाशी, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीपाशी, रबर कापून दाखवलंत तेव्हा आत तांबं नव्हतंच, हिरवा-काळा चुरा होता. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस रबराच्या आतून असा चढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग आधीची बॅटरी बदलल्यावर गाडी काही आठवडे का बरी चालली, हेही तुम्ही उलगडून सांगितलंत. बॅटरी काढता-घालताना केबल हलली, टोकं घासली गेली, काही तारा पुन्हा एकमेकींना टेकल्या. गुण आला तो त्या हलण्याने, श्रेय मिळालं बॅटरीला. जनावर बोलत नाही, म्हणून मी ताप मोजल्याशिवाय सुई लावत नाही. तुम्ही गाडीला तेच करता, हे बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

नवी केबल तुम्ही तिथेच बनवलीत. जाड तांब्याची केबल घेऊन लग दाबून बसवलेत, इंजिनवर जिथे बोल्ट बसतो तिथला रंग खरवडून धातू उघडा केलात, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावलीत. सुटं करताना मायनस आधी आणि जोडताना मायनस शेवटी, हा क्रम मला मुद्दाम दोनदा म्हणायला लावलात. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चासीला लागला तर ठिणगी पडते आणि पाना तिथेच चिकटू शकतो. पुन्हा मोजलं तेव्हा मघाच्या त्याच जागी सहाऐवजी ०.१ आलं. गाडी अर्ध्या सेकंदात उठली.

माझं काम तिथे झालं होतं. तुमचं झालं नव्हतं. इंजिनचा वेग वाढवून बॅटरीवर १४.२ व्होल्ट येतात हे बघितलंत. साडेतेराच्या खाली राहिले असते तर स्टेटर कॉइल (इंजिनवर वीज तयार करणारी) किंवा आरआर युनिट (ती वीज बॅटरीजोगी करून आवरणारं) तपासलं असतंत आणि पंधराच्या वर गेले असते तर आरआर युनिट बॅटरी उकळवतंय असं समजायचं. मग चावी काढून मायनस सुटा केलात आणि बॅटरी व सुटी केबल यांच्या मधे मीटर जोडून गाडी झोपेत किती करंट खाते ते मोजलंत. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ चुकूनही दाबायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो.) आकडा ५० मिलिअँपिअरच्या आसपास. मोबाइलचा चार्जर थेट बॅटरीवरून घेतलेला होता. दिवसाला सव्वा अँपिअर-तास म्हणजे ९ अँपिअर-तासाची माझी बॅटरी गाडी उभी राहिली तर आठवड्याभरात रिकामी. तुम्ही चार्जरची वायर चावीच्या लाइनवर घेतलीत आणि तो आकडा जवळजवळ शून्यावर आला. हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पैसे विचारले तर तुम्ही केबलचे आणि लगचे सांगितलेत. मजुरी मी हातात कोंबली तेव्हा अर्धी परत दिलीत. काका, यात माझी तक्रार आहे. बॅटरी विकून जे मिळालं असतं त्याहून मोलाचं काम तुम्ही केलंत. अशा तपासणीचे तुम्ही पूर्ण पैसे घ्यायला हवेत आणि आम्ही ते न कुरकुरता द्यायला हवेत. निदानाला किंमत नाही आणि सुट्या भागाला आहे, अशी रीत पडली की मोजणारा माणूस उपाशी राहतो आणि बदलणारा चालतो. माझ्या धंद्यातही मी हे रोज बघतो.

मी आता एक साधा मीटर औषधांच्या पेटीत ठेवतो. परवा डेअरीवर दूध घालायला आलेल्या एका मुलाची स्कूटर नुसती टक् टक् करत होती, दिवा पार विझत होता. मोजलं तर उभ्या गाडीला १२.४ आणि सेल्फ दाबला की थेट ७. टोकं साफ करून, आवळून पुन्हा मोजलं, तरी तेच. तेव्हा त्याला सांगितलं की बाबा, तुझी बॅटरीच गेलेली दिसते, आणि तुमच्या दुकानाचा पत्ता दिला. तो येऊन गेला असेल.

पावसाआधी गाडी तुमच्याकडे आणतो. आरआर युनिटच्या प्लगमध्ये पाणी शिरतं म्हणाला होतात, तो उघडून बघू. आणि या वेळी मजुरी पूर्ण घ्यायची आहे, आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
गाई-म्हशींचा डॉक्टर