झाडांची स्वतःची तटबंदी

महोदय,
पावसाळी हवेत पिकलेल्या टोमॅटोवर मऊ डाग पडतो, बोट लावताच साल आत जाते. आम्ही शेतकरी 'सडला' म्हणून तो बांधावर टाकतो. खरे तर बुरशीने सोडलेल्या विकरांनी (एन्झाइमांनी), त्यातही पॉलीगॅलॅक्टुरोनेजने, पेशींना सांधणारे पेक्टिन तोडलेले असते.

पण झाड हातावर हात ठेवून बसत नाही. पेशीभित्तिकेतली काही प्रथिने या विकराला धरून ठेवतात, हे अल्बरशाइम आणि अँडरसन या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच दाखवले. विकर मंदावले की पेक्टिनचे जरा लांब तुकडे उरतात आणि तेच झाडाला धोक्याची वर्दी देतात! शत्रूच्याच घावातून सावध होणे, हे मला फार विलक्षण वाटते.

नाशपतीतले असे प्रथिन टोमॅटोत आणल्यावर करड्या बुरशीची लागण टळली नाही, पण डाग हळू पसरले. घेवड्यात तर अशी प्रथिने बनवणारी चार जनुके आहेत.

आमच्या गावरान घेवड्यात, टोमॅटोत ही ताकद किती, हे कृषी विद्यापीठांनी तपासून वाणाच्या माहितीत छापावे. उत्पादनाचा आकडा छापतातच, शेजारी हाही असू द्या.

– एक टोमॅटो उत्पादक, जुन्नर