'बदला पुरा' झाला, खटल्याचे काय?

संपादक महोदय,

बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्यांवरील अत्याचाराचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला आणि 'बदला पुरा'चे फलक झळकले. लोकांचा संताप मी समजू शकते; तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी उशीर केला होता. पण त्या गोळीने खटलाही संपवला. त्या मुलींचे म्हणणे न्यायालयाने ऐकून आरोपीला दोषी ठरवले असते, तो निकाल आता कधीच लागणार नाही. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर मृत्यूची जबाबदारी ठेवली गेली.

हैदराबादेत २०१९ मध्ये पोलिसांनी बलात्कार व हत्येच्या चार संशयितांना मारले, तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने नंतर सांगितले की चकमक बनावट होती आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. चौघांचा गुन्हा मात्र कोर्टात सिद्ध झालाच नाही.

शिक्षा कठोर व्हावी, हे माझेही मत आहे. निर्भयाच्या गुन्हेगारांना २०२० मध्ये फाशी झाली ती खटला चालवूनच. सात वर्षे लागली, हे खरे दुखणे. सरकारने पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) न्यायालये, न्यायाधीश आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांतील माणसे वाढवावीत. बदलापूरची तक्रार दडपणाऱ्या शाळाचालकांवरील खटले तरी आता रेंगाळू देऊ नयेत.

– एक वाचक, डोंबिवली