साल रक्त थांबवते की पातळ करते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डाळिंबाच्या सालीचं चूर्ण 'रक्त पातळ ठेवतं' असं वाचलं. महिन्याभरापूर्वी त्याच पानावर हीच साल घोळणा फुटण्यावर आणि मूळव्याधीवर रक्त थांबवायला सांगितली होती. आता थांबवायचं की वाहतं ठेवायचं, हे सालीनं कसं ओळखायचं?

मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची पीटी टेस्ट आम्ही हातानंच करायचो. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. सायट्रेट कॅल्शियम अडवून धरतं, म्हणून रक्त साकळत नाही. वरचा प्लाझ्मा काढून ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायचा, त्यात थ्रॉम्बोप्लास्टिन (गोठणं सुरू करून देणारं द्रव्य) आणि कॅल्शियम टाकायचं, स्टॉपवॉच दाबायचं आणि नळी तिरपी करत दिव्यासमोर बघत राहायचं. बारा-तेरा सेकंदांत बारीक धागा दिसतो आणि प्लाझ्मा एकदम जेलीसारखा थबकतो.

या नळीत सालीचा अर्क टाकला तर वेळ लांबू शकतो. पण साल चावल्यावर तोंड का आवळतं? तिच्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. रक्त गोठवणारे घटकही प्रथिनंच, आणि नळीत ते अर्काच्या थेट तावडीत सापडतात. जखमेवर दाबलेली तुरट साल रक्त थांबवते, तीही याच चिकटण्यानं. पोटातला मामला वेगळा. सालीतलं मुख्य टॅनिन, प्युनिकॅलॅजिन, जसंच्या तसं रक्तात फारसं उतरत नाही. आतड्यातले जिवाणू त्याची मोडतोड करून युरोलिथिन नावाची वेगळीच द्रव्यं बनवतात. नळीतले सेकंद माणसाला लावता येत नाहीत ते यामुळं.

एवढं कळूनही आमच्याच घरात घोटाळा झाला. आईच्या हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्त गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी कायमची. शेजारच्या काकूंनी प्रेमानं सालीचं चूर्ण आणि हळदीचा काढा सुरू करून दिला, वर पथ्य म्हणून मेथी-पालक बंद. दहा दिवसांनी ब्रशला रक्त, दंडावर निळे डाग. पीटीच्या वेळेवरून काढतात तो आयएनआर हा आकडा ५.६! तो जितका जास्त, तितकं रक्त उशिरा गोठतं. तिच्यासाठी तो तीनच्या आसपास हवा. सगळा दोष सालीवर ढकलत नाही. पालेभाजी तुटली की 'के' जीवनसत्त्व कमी पडतं आणि वॉरफरिन जोर धरतं. पण काढ्याचं आम्ही डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. 'झाडपाल्याचं काय सांगायचं?'

खुद्द वॉरफरिनचा उगम झाडपाल्यातलाच. १९२०च्या दशकात अमेरिकेत बुरशी लागलेलं क्लोव्हर गवत खाऊन जनावरं रक्तस्रावानं मरायची. चांगल्या गवतानं काही होत नसे. बुरशीमुळं त्यातल्या कूमारिन या द्रव्याचं रक्त गोठू न देणारं डायकूमारॉल होतं, हे पुढं विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत उलगडलं. त्यातूनच वॉरफरिन आलं, तेही १९४८ साली आधी उंदीर मारायचं विष म्हणून.

आपलं सोलापूर डाळिंबाचं. राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला, ज्यूसवाल्याच्या गाडीमागं सालींचा ढीग. असा उपाय इथं घरोघरी पोचायला दोन दिवस लागत नाहीत. म्हणून विनंती एवढीच, की प्रयोग नळीतला होता की माणसांवरचा ते छापा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, ही ओळ ठळक टाका.

आई आता बरी आहे. उरलेल्या चुर्णात बायकोनं तुरटी घालून दोन पांढरे टॉवेल रंगवले. पिवळा रंग चांगला बसलाय.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
जुळे सोलापूर