लीजच्या गाडीतून सुटायला किती लागतात ते पहिल्याच पानावर मराठीत लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लीजवर, म्हणजे नोकरीच्या कंपनीमार्फत ठरावीक वर्षांच्या भाड्यानं, गाडी घेतलेल्या पगारदार पोरांबद्दल लिहितोय. आपल्या संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या कारखान्यांच्या भागात अशी पोरं आता बरीच दिसतात. डाऊन पेमेंट नाही, भाडं पगारातूनच कट होतं, टॅक्सपण वाचतो असं एचआरवाले सांगतात आणि ते काही खोटं नाही. पण मधेच गाडी परत करायची म्हटलं तर काय होतं हे सांगायला कुणी बसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे सांगायची सक्ती पाहिजे, सही घ्यायच्या आधी, पहिल्या पानावर, मराठीत, कुठल्या महिन्यात गाडी सोडली तर किती रुपये भरावे लागतील त्याचा साधा तक्ता.

माझा भाचा गेवराईकडचा, वाळूजला एका कंपनीत होता. २०२४ मधे त्यानं चार वर्षाच्या लीजवर छोटी पेट्रोल गाडी घेतली, भाडं महिना २४ हजार. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग त्यातच आहे म्हणाले, पण ते धरूनही महागच. पुढं कंपनीनं माणसं कमी केली त्यात ह्याची नोकरी गेली. करारावर तिघांच्या सह्या, लीज कंपनी, नोकरी देणारी कंपनी आणि हा, आणि आतल्या एका पानावर इंग्रजीत लिहिलंय की नोकरी कुठल्याही कारणानं संपली तर गाडी सोडवायची जबाबदारी कर्मचाऱ्याची. म्हणजे त्यानं राजीनामा दिला काय अन् कंपनीनं काढलं काय, बिल त्याच्याच नावावर.

ते बिल मी स्वतः बघितलंय. उरलेल्या महिन्यांचं भाडं, त्यात रेसिड्युअल व्हॅल्यू म्हणजे मुदत संपल्यावर गाडीची जी किंमत धरलेली असते ती, वर फोरक्लोजर चार्ज म्हणजे मुदतीआधी लीज बंद करायचा दंड, त्याच्यावर जीएसटी, सगळं मिळून साडेसात लाखाच्या वर. जालना रोडवर जुन्या गाड्यांच्या डीलरकडं त्याच गाडीचे ५ लाख सांगितले. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यावर आला, वरचा सेसपण गेला, नवीनच गाडी स्वस्त झाली तर जुनीला भाव कुठून येणार, पण लीजचा हिशोब मात्र जुन्या किमतीवरच चालू. वाईट एवढ्याचं वाटतं की फुल अँड फायनलचे, म्हणजे नोकरी सुटताना हिशोबाचे मिळणारे पैसे, जे घरभाड्याला आणि पोराच्या फीला लागणार होते, ते ह्या बिलापोटी कंपनीनं आधीच अडकवून ठेवले.

गाडी परत द्यायला गेलं तर आणखी वेगळंच. करारात वर्षाला किलोमीटर ठरलेले, त्याच्या वर गेलं की दर किलोमीटरला पैसे. पुण्या-मुंबईत बसून ठरवलेला हा आकडा, इथं माणूस दर शनिवारी गावाकडं जातो, आईबापाला दवाखान्यात घेऊन शहरात येतो, त्याचे किलोमीटर वाढणारच. आणि गावच्या रस्त्याला दोन्हीकडून बाभळी, समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की गाडी कडेला घ्यावी लागते आणि दरवाजावर काट्यांचे बारीक बारीक ओरखडे उठतात. तपासणीला आलेला माणूस ते टॉर्च लावून मोजतो आणि प्रत्येक पॅनलचे वेगळे पैसे लावतो. नॉर्मल झीज म्हणजे काय हे ठरवणारापण तोच.

रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलंय, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती पडतो हे कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. पण ते कर्जाला. लीज म्हणजे कागदोपत्री भाडं, त्याला हे लागू नाही. गाडी तीच, महिन्याला पैसे कापणंही तेच, फक्त हप्त्याच्या जागी भाडं लिहिलं की माणसाला काहीच सांगायची गरज नाही, हे मला पटत नाही. ग्राहक मंत्रालयानं किंवा रिझर्व्ह बँकेनं, ज्याच्या अखत्यारीत असेल त्यानं, लीजलाही असंच एक पान सक्तीचं करावं.

जे आत्ता अडकलेत त्यांच्यासाठी थोडं लिहितो. फोनवर सांगितलेला आकडा मान्य करू नका, मेल करून बिलाची फोड मागा, भाडं किती, रेसिड्युअल किती, दंड किती, टॅक्स किती. दुसरीकडं नोकरी लागली तर नवीन कंपनी लीज स्वतःकडं घेते का ते जॉईन व्हायच्या आधीच विचारा, हा सगळ्यात कमी नुकसानीचा रस्ता आहे. दंड अवाच्या सवा असला तर करार कायद्याचं कलम ७४ आहे, करारात रक्कम काहीही लिहिलेली असो, वाजवी भरपाईच मिळते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधेही नुकसानीच्या मानानं जास्त दंड लावणारा करार अन्यायकारक धरलाय. ती तक्रार जिल्हा आयोगाकडं नाही तर राज्य आयोगाकडं जाते, आणि राज्य आयोगाचं बेंच इथं संभाजीनगरातपण आहे. सुरुवातीला १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर विचारून घ्या.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. एक म्हणजे रागाच्या भरात खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत असं. ईसीएस, एनएसीएच म्हणजे खात्यातून आपोआप होणारी कपात बाऊन्स झाली तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाऊन्ससारखीच केस होते. आणि दुसरं, जे आपल्याकडं सर्रास चालतं, ५०० च्या बाँडवर नोटरी करून गाडी दुसऱ्याला देणं, की बाबा तू चालव आणि तूच हप्ते भर. लीजची गाडी तुमची नसतेच मग ती देणार कशी? आणि कर्जाची असली, आरसी तुमच्या नावावर असली, तर उद्या त्यानं कुणाला उडवलं की भरपाईची नोटीस तुमच्या घरी येणार. सुप्रीम कोर्टानं २०१८ मधेच सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक. बीडकडं, जालन्याकडं किती गाड्या अशा नोटरीवर फिरतायत बघा, जिवाला घोर लागतो.

आता राहिला नोकरी देणाऱ्या कंपन्यांचा विषय. लीज कंपनी कामगारापर्यंत येते ती ह्यांच्याच दारातून, कँटीनजवळ स्टॉल लावायची परवानगी हेच देतात आणि करारावर सहीपण ह्यांची असते. कर्मचारी स्वतःहून सोडून गेला तर त्यानं भरावं, मान्य आहे. पण कंपनीनं माणूस कमी केला तर गाडी सोडवायचा खर्च कंपनीचा, ही एक ओळ करारात घालायला कुठल्या नवीन कायद्याची वाट बघायची गरज नाही. आपल्या पेपरनं वाळूज, शेंद्र्यातल्या कंपन्यांना हा प्रश्न विचारावा आणि कोण काय उत्तर देतं ते छापावं अशी मनापासून विनंती आहे.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर