अटलांटा अधिवेशन : स्थळदर्शन व भोजनाबाबत सूचना

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

अटलांटातले स्थळदर्शन आणि भोजन अजून ठरायचे आहे. हॉटेल ते सभागृह एवढ्यावर हे शहर उरकू नये, ही कळकळीची विनंती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस इथल्याच अटलांटा विद्यापीठात शिकवत. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. आपल्या एका सत्राला याहून चांगला विषय कोणता?

ऑबर्न अव्हेन्यूवरील मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मारकासाठी निदान अर्धा दिवस ठेवावा. प्रवेश विनामूल्य आहे आणि आवारात गांधीजींचा पुतळाही आहे. रविवारची सकाळ मात्र टाळा. किंग जिथे धर्मोपदेशक होते त्या शेजारच्या एबेनेझर चर्चमध्ये तेव्हा उपासना असते.

एक जेवण तरी कृष्णवर्णीय मालकांच्या उपाहारगृहातून मागवावे. दोन पास्कल बंधूंनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या ‘पास्कल्स’मध्ये नागरी हक्क चळवळीच्या बैठका होत. शाकाहारींसाठी आधी खात्री करा, कारण तिकडे पालेभाजीही बऱ्याचदा मांस घालून शिजवतात.

आपली पसंती आणि कोणते काम घेणार ते येत्या रविवारपर्यंत चिटणिसांना कळवावे. बसची नोंदणी त्यानंतरच होईल.

— अधिवेशन समिती