पाचवी चिमणी

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, आणि आईला माझ्या "हॅलो"वरूनच कळतं की काहीतरी आहे. मग मीच विषय बदलते. म्हणून लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आई, तुझ्या डोळ्यांसाठी. त्या डोळ्यांबद्दल पुढे बोलायचंच आहे, सुटलीस असं समजू नकोस.

आधी कबुली देऊन टाकते. बाबा, दर रविवारी दुपारी तुम्ही विचारता, "उपासनेला गेली होतीस?" आणि मी "हो" म्हणते. गेल्या नऊ वर्षांतले बहुतेक सगळे "हो" खोटे होते. नाताळ आणि ईस्टर सोडले तर मी चर्चची पायरी चढत नव्हते. एकदा तुम्ही विचारलंत, उपदेश कशावर झाला? मी तुमचंच एक जुनं मनन आठवून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "वा, चांगले पाळक मिळालेत तुम्हाला." त्या रात्री मला झोप लागली नाही. तरी पुढच्या रविवारी पुन्हा "हो" म्हणालेच.

नऊ वर्षं म्हणजे कधीपासून, ते तुम्हाला सांगायला नको. दादाच्या मातीच्या वेळी कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं होतं, देवाला चांगली फुलं लवकर हवी असतात. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, हे आता कळतं. तेव्हा मात्र मनात आलं, असा फुलं खुडत हिंडणारा देव मला नको. आणि तुम्ही दोघं दुसऱ्याच रविवारी उपासनेला गेलात. नेहमीच्याच बाकावर, मधली एक जागा रिकामी ठेवून. मला त्याचा राग आला होता. लिहू की नको असा बराच विचार केला, पण ते लिहिल्याशिवाय पुढचं सगळं खोटं वाटेल. राग आता नाही. तो कसा गेला, त्याचंच हे पत्र आहे.

तर बातमी अशी की गेल्या पाच महिन्यांपासून मी खरंच उपासनेला जाते, आणि इथल्या एका मंडळीत सभासद व्हायचं ठरवलंय. ती आपली मंडळी नाही. बाबा, कपाळाला आठी घालू नका, आधी वाचा. ते चर्च घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. छोटीसाठी तिथे मुलांची रविवारची शब्बाथ शाळा आहे आणि ती रडत जात नाही, उड्या मारत जाते. पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले, तर कुणीही येऊन कोण, कुठली, इतके दिवस कुठे होतात असं विचारलं नाही. त्यांची रीत थोडी वेगळी आहे, गाण्यांच्या चाली वेगळ्या आहेत, प्रार्थना जरा लांबते. पण प्रभूभोजन तेच आणि पवित्र शास्त्रही तेच. आणि नाही, माझा दुसरा बाप्तिस्मा होणार नाही. लहानपणी तुम्ही मला हातांवर धरून उभे होतात तोच त्यांना चालतो, मी पहिल्यांदा तेच विचारून घेतलं. आपली मंडळी सोडली असं कृपा करून म्हणू नका. घरी येईन तेव्हा तुमच्याच बाकावर बसणार आहे.

आता खरी गोष्ट. ती न्हाणीघरात घडली, हसू नका.

एक्झॉस्टचा पंखा बिघडला म्हणून काढून दुरुस्तीला दिला होता. चार दिवसांनी परत आला, तोवर त्या भोकात चिमण्यांनी काड्या कोंबल्या होत्या. मी त्या झाडूने काढणारच होते. छोटी दारात आडवी उभी राहिली. मग पंखा कपाटावर गेला आणि आम्ही आंघोळीला दबक्या पावलांनी जाऊ लागलो. गवत, दोरा, माझ्याच डोक्याचे केस, एक पीस. स्टुलावर चढून फोनचा कॅमेरा आत धरून पाहिलं तर चार अंडी, मळकट पांढरी, वर तपकिरी ठिपके. बाराव्या दिवशी आतून बारीक किरकिर ऐकू आली.

त्यानंतर माझा एक वेगळाच नाद सुरू झाला. कपडे भिजवून मी तिथेच पाटावर बसायचे आणि फेऱ्या मोजायचे. एका सकाळी अर्ध्या तासात चौदा झाल्या. दोघंही आणतात, नर आणि मादी. खिडकीत मी दाणे ठेवले होते, ते दोघं स्वतः खात, पण पिल्लांना त्यातला एक दाणाही देत नसत. पिल्लांसाठी हिरव्या मऊ अळ्या शोधून आणत. बाहेर जवळच ताट वाढलेलं असताना लांब कुठेतरी जाऊन लेकरांच्या पोटाला सोसेल ते आणायचं. आई, मला टायफॉइड झाला होता तेव्हाची तू आठवलीस. तू स्वतः काय खात होतीस त्या दिवसांत, हे मी कधी पाहिलंच नाही.

मग एका सकाळी एक पिल्लू खाली फरशीवर पडलेलं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, त्यांच्यावर निळसर कातडं. पोट इतकं पातळ की आत काहीतरी हलताना दिसत होतं. आणि चोच मात्र अंगाच्या मानाने केवढी मोठी, कडेने पिवळी. माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लाला टाकते, असं आजी म्हणायची ना, ते तितकंसं खरं नाही. ते ऊबदार होतं. मी रुमालात घेऊन परत घरट्यात ठेवलं. संध्याकाळी कामावरून आले तर पुन्हा फरशीवर. या वेळी थंड.

छोटीने विचारलं, "देवाला दिसलं का?"

ती मला देवाबद्दल काही विचारेल असं मी वागलेच नव्हते. हे तिला तुम्हीच दोघांनी सुट्टीत शिकवलं असणार. मी म्हणाले, "दिसलं असेल." आणि ते म्हणताना जाणवलं की हे मी तिची समजूत काढायला बोलले नव्हते.

रात्री ती झोपल्यावर मी दादाचा तो निळ्या पुठ्ठ्याचा नवा करार काढला. हो, तो माझ्याकडेच आहे. तुम्ही दोघांनी किती शोधलात, तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही. चिमणीचं वचन शोधलं. माझ्या डोक्यात इतकी वर्षं पक्कं बसलं होतं की देव चिमणीला पडू देत नाही असं काहीतरी तिथे आहे, आणि त्यावरच तर माझं भांडण होतं. मत्तय १०:२९ पुन्हा पुन्हा वाचलं. तिथे तसं नाहीच. चिमणी पडते. फक्त पित्याला सोडून, त्याच्यावाचून पडत नाही. मी नऊ वर्षं एका वेगळ्याच वाक्याशी भांडत होते, बाबा.

मग लूक १२:६ काढलं, आणि एकदम आपलं जुनं अंगण डोळ्यांसमोर आलं. तुम्ही आम्हाला गणित घातलं होतं. मत्तय म्हणतो दमडीला दोन चिमण्या, तर पाच कितीला? दादाने लगेच हात वर केला, "अडीच दमड्या!" तुम्ही हसून म्हणालात, "लूक म्हणतो दोन दमड्या. मग पाचवी कुठून आली?" मी म्हणाले होते, "फुकट." मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा सोळावा हिस्सा म्हणजे ते नाणं, हेही तुम्हीच सांगितलं होतं. तशा दोन नाण्यांत पाच जीव, आणि पाचवीची किंमत तीही नाही, घासाघीस केली म्हणून वर टाकलेली. आणि त्याच ओळीत पुढे येशू म्हणतो की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडलेला नाही. दादाने तेव्हा विचारलं होतं, पाचवी कोणती ते कसं ओळखायचं? तुम्ही काय उत्तर दिलं होतंत ते मला काही केल्या आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा.

राग गेला तो मात्र वचन वाचून नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, चिमणी तशीच येत-जात होती. तीन चोची उघडत होत्या आणि ती तिघांना भरवत होती. क्षणभर मला तिचाही राग आला. आणि मग आई, तू दिसलीस, तिसऱ्या दिवशी आलेल्या माणसांना वाढणारी. बाबा दिसले, रविवारचा सदरा स्वतः इस्त्री करणारे. तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही विसरायला निघालात. तुम्ही माझ्यासाठी उठत होतात. उरलेली चोच माझी होती. हे कळायला मला एवढी वर्षं आणि एक चिमणी लागली. माफ करा.

तेव्हापासून मी आणि छोटी रोज रात्री देवाचे आभार मानतो, एकाच गोष्टीचे. नियम एवढाच की ती गोष्ट त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे. तारेवर ओळीने लोंबणारे पावसाचे थेंब. साखरेचा दाणा दोघींनी मिळून ओढणाऱ्या मुंग्या. काल तिने पालीच्या तुटून वळवळणाऱ्या शेपटीबद्दल आभार मानले. पालीसाठी प्रार्थना करणारी आपल्या घराण्यातली ही पहिलीच असेल. मला सुरुवातीला तिच्याइतकं पटकन सुचत नसे. काही दिवस तर मी निव्वळ "आज ऊन चांगलं होतं" एवढ्यावर भागवलं. पण रात्री काहीतरी सांगायचंय म्हणून मी दिवसा बघायला लागले. बाबा, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे तुम्ही माझ्या पहिल्या शास्त्रावर लिहून दिलं होतंत. मला वाटायचं, सर्व गोष्टींबद्दल आभार मानायचे, दादाच्या जाण्याबद्दलसुद्धा. तिथे "बद्दल" नाहीच, "स्थितीत" आहे. तुम्ही बहुधा हे सांगितलंही असेल आणि मी ऐकलं नसेल.

ईयोबाचं पुस्तकही आता सहन होतं. लेकरं, घरदार सगळं गमावून राखेत बसलेला तो देवाला जाब विचारतो, आणि देव त्याच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. डोंगरातल्या बकऱ्या कधी वितात ठाऊक आहे का, कावळ्याची पिल्लं भुकेने ओरडतात तेव्हा त्याला खायला कोण देतं, असंच विचारत सुटतो. पूर्वी मला ही टाळाटाळ वाटायची. आता मला त्या अध्यायांत ईयोबाचा हात धरून त्याला राखेतून उठवून बाहेर नेणारं कुणीतरी दिसतं. तुमचं मत वेगळं असेल तर आल्यावर वाद घालू, खूप वर्षांत घातला नाही.

माझी काळजी करू नका. मी वेळेवर जेवते, रात्री अकराच्या आत झोपते, छोटीचा खोकला पूर्ण गेलाय. घरात सकाळचं ऊन येतं. तुमच्यासाठी त्याच बाजूची खोली ठेवली आहे, पलंग उंच करून घेतलाय म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना त्रास नको, आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय. रात्री उठाल तेव्हा लागणारा बारीक दिवासुद्धा आहे. फक्त पंखा नाही.

आता तुमच्या सूचना. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन "पावसाळ्यानंतर, नाताळानंतर" असं दोन वर्षं चाललंय. आता तारीख घे आणि मला कळव, मी रजा टाकते. असिसीचा फ्रान्सिस डोळ्यांच्या दुखण्याने जवळजवळ आंधळा झाला होता, उजेड सोसत नव्हता, आणि तशात १२२५च्या सुमाराला त्याने सूर्याला भाऊ म्हणत देवाची स्तुती रचली. पण तो संत होता आणि तेव्हा मोतीबिंदूचं असलं ऑपरेशन नव्हतं. तुला दोन्ही सबबी नाहीत. बाबा, वरच्या कुंड्यांना पाणी घालायला स्टुलावर चढायचं नाही. कुंड्या खाली आणून घ्या, शेजारच्या मुलाला सांगा, पण चढायचं नाही. मी चढले होते हे वाचून मला ऐकवू नका, माझे गुडघे अजून धड आहेत. रक्तदाबाची गोळी सकाळचीच, आठवली तेव्हाची नाही. रागावून लिहीत नाहीये. तुम्ही दोघं इतकी वर्षं माझ्यासाठी फेऱ्या मारल्यात, आता थोड्या मला मारू द्या.

एक काम आहे. इथल्या पाळकांना आपल्या मंडळीकडून सभासदत्व बदलीचं पत्र लागेल. ते तुम्हालाच मागावं लागणार, बाबा, आणि तुम्हाला ते जड जाईल हे मला माहीत आहे. घाई नाही. नकोच वाटलं तर तसं लिहा, मी सध्या तिथे नुसती बसत जाईन.

तीनही पिल्लं पंधराव्या-सोळाव्या दिवशी उडून गेली. मी त्या रविवारी स्टूल घेऊन पंखा बसवायला गेले, तर भोकात ताजी काडी आडवी अडकवलेली. त्या एकाच घरट्यात पुन्हा अंडी घालतात म्हणे. पंखा परत कपाटावर ठेवलाय.

तुमची,
लेक

ता.क. छोटीला रविवारी फोनवर स्तोत्र ८४ वाचून दाखवाल का? देवाच्या घरात चिमणीलाही जागा मिळते ते. मी वाचलं तर म्हणते, आजोबांच्या आवाजात हवं.